पन्नासची उभी रांग

कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय 'कॅमेऱ्याच्या लेन्सचा पूर्ण संग्रह कसा करावा' असा छापला आहे. त्यातल्या 'कसा'कडे मी जरा उशिराच वळणार आहे, कारण त्याआधी 'पूर्ण' या शब्दाचा निकाल लावायला हवा. संग्राहक 'पूर्ण' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा कंपनीचं सूचिपत्र असतं. पहिल्या पानावरच्या रुंद कोनाच्या लेन्सपासून शेवटच्या पानावरच्या तोफेएवढ्या टेलिलेन्सपर्यंत प्रत्येक जातीची एकेक लेन्स कपाटात आली की संग्रह पूर्ण झाला, असा हा हिशेब. याला मी आडवा संग्रह म्हणतो. याउलट एकच लेन्स धरायची आणि जन्मापासून आजपर्यंत तिची जितकी रूपं झाली तितकी एकाखाली एक लावायची, हा उभा संग्रह. माझं म्हणणं असं, की पूर्ण होऊ शकतो तो उभाच, आणि पूर्ण झाल्यावर आपल्याला काही शिकवतो तोही उभाच. शिवाय असा संग्रह दुर्मीळ लेन्सचा करू नये. तो सर्वांत साध्या लेन्सचा करावा, म्हणजे पूर्वी नव्या कॅमेऱ्यावर चढवूनच मिळायची त्या पन्नास मिलिमीटरच्या लेन्सचा; माझ्या रांगेत तिची चौदा रूपं आहेत. (सभागृहात कुजबुज) ऐकू येतंय मला. 'एकच लेन्स चौदा वेळा?' हो, एकच लेन्स चौदा वेळा. यात वेडेपणा नाही, हे पुढच्या पाऊण तासात पटवायचा प्रयत्न करतो.

उदाहरण निकॉनचं घेऊ, कारण त्यांच्या लेन्सच्या नोंदी चांगल्या ठेवलेल्या आहेत आणि आपल्याकडच्या जुन्या कपाटांतून त्या लेन्स आजही निघतात. २०१६ साली निक्कॉर या आपल्या लेन्सच्या एकूण उत्पादनाने १० कोटींचा आकडा ओलांडल्याचं कंपनीने जाहीर केलं. आता या समुद्रात आडवं जाळं टाकून बघा. ६ मिलिमीटरची फिशआय येते, २२० अंशांतलं जग टिपणारी, पाच किलोंहून जड. तिला स्वतःच्या पाठीमागचंही थोडं दिसतं, त्यामुळे छायाचित्रकाराने पाय कुठे ठेवायचे हासुद्धा प्रश्नच असतो. (हशा) १३ मिलिमीटरची येते, ती मागणी नोंदवल्यावरच बनवत. २००० मिलिमीटरची आरशाची लेन्स येते, साडेसतरा किलोंची. या लेन्स सूचिपत्रात तरी होत्या. झाइस या जर्मन कंपनीच्या ५० मिलिमीटर एफ/०.७ लेन्स तर दहाच बनल्या. सहा नासाकडे गेल्या, तीन चित्रपट-दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिकने घेतल्या, एक कारखान्यात राहिली. त्याच्या 'बॅरी लिंडन' या चित्रपटातली मेणबत्तीच्या उजेडातली दृश्यं याच लेन्सने टिपलेली आहेत, पण तिथे थांबत नाही. मुद्दा एवढाच, की आडवा संग्रह पूर्ण होईल की नाही हे संग्राहकाच्या अभ्यासावर ठरत नाही. ते त्याच्या तिजोरीवर आणि दुसऱ्या कुणाच्या मृत्युपत्रावर ठरतं. आणि समजा झाला पूर्ण, तर हाती काय आलं? तीच छापील यादी, फक्त वजनदार.

'पूर्ण संच' ही कल्पना मुळात आली कुठून, हेही पाहायला हवं. ती माउंटमधून, म्हणजे लेन्स कॅमेऱ्यावर बसवायच्या जोडणीतून आली. १९३० साली लायकाने लेन्स काढता येईल असा कॅमेरा आणला, पण लेन्स ज्या कॅमेऱ्याशी जुळवून दिलेली असे त्याच कॅमेऱ्यावर ती नीट चाले. पुढच्याच वर्षी माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर प्रमाणित झालं आणि कुठलीही लेन्स कुठल्याही कॅमेऱ्यावर बसू लागली. लायकाच्या माउंटच्या ३९ मिलिमीटरच्या आट्यांनी जगाचं काय केलं बघा. १९५० साली 'लाइफ' साप्ताहिकाचा छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होता. जून मिकी या तरुण जपानी छायाचित्रकाराने ८५ मिलिमीटरच्या निक्कॉरने त्याचा एक फोटो काढला. जपानी लेन्स म्हणजे जर्मन लेन्सची नक्कल, असा त्या काळचा पक्का समज, आणि आकृतीपुरता तो खराही होता. त्या वेळच्या पन्नासच्या निक्कॉर झाइसच्या सोनार लेन्सच्या वळणाच्याच होत्या. पण मोठा करून छापलेला फोटो इतका धारदार निघाला की डंकन आणि त्याचा मित्र होरेस ब्रिस्टल थेट निप्पॉन कोगाकुच्या, म्हणजे आजच्या निकॉनच्या, कारखान्यात गेले आणि तिथल्या लेन्स त्यांनी तपासून घेतल्या. जूनमध्ये कोरियाचं युद्ध पेटलं. डंकन तिथे गेला तो कॅमेरा जर्मन आणि लेन्स जपानी असा, त्याच आट्यांनी जमलेला, जोड घेऊन. न्यूयॉर्कच्या संपादकांना छायाचित्रांची धार खटकण्याइतकी वेगळी वाटली आणि डिसेंबर १९५० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये या लेन्सबद्दल छापून आलं. लढाईत हरलेल्या, बॉम्बफेकीने भाजून निघालेल्या देशातला एक कारखाना दहा वर्षांत जगातल्या वृत्तछायाचित्रकारांचा कारखाना झाला, त्याची सुरुवात इथे आहे. डंकनच्या हातात कोणती जादूची लेन्स होती? दुकानात विकत मिळणारीच होती. सैनिकांचे ते चेहरे, ती थंडी, हे सगळं... (अध्यक्षांकडून चिठ्ठी) वीसच मिनिटं? ठीक आहे, कोरियातून परत येऊ. पण ही गोष्ट मी उगाच लांबवली नाही. लेन्सचा इतिहास वापरातल्या लेन्सने घडतो, एवढं त्यातून उचला.

१९५९ मध्ये निकॉन एफ हा कॅमेरा आला. माउंटपासून फिल्मपर्यंतचं ४६.५ मिलिमीटर हे अंतर त्याने कायम केलं आणि एफ माउंटमध्ये ते आजतागायत बदललेलं नाही. या एका दारातून आत आलेल्या पन्नासच्या लेन्स आता ओळीने पाहा. पहिलीवर '५ सेमी' असं कोरलेलं आहे, एफ/२, आत सात काचा. सात का? कारण या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे हलणारा आरसा आहे, त्याला जागा द्यायची म्हणजे लेन्स फिल्मपासून दूर ठेवायची, आणि तेवढ्यासाठी काच वाढवावी लागली. ही अडचण किती खरी होती याची साक्ष शेजारच्या भावंडात मिळते. एफ/१.४ची लेन्स त्यांना १९६० साली पन्नासमध्ये जमली नाही, अठ्ठावन्नमध्ये काढावी लागली. १९६२ मध्ये ती पन्नासवर आली. पुढे एफ/२ची एच आली. एच म्हणजे हेक्सा, सहा काचा. तेव्हा निक्कॉरच्या नावापुढच्या अक्षरातच काचांची संख्या लिहिलेली असे. तेच काम एक काच कमी करून होऊ लागलं. सत्तरच्या दशकात अक्षराशेजारी सी उमटला, म्हणजे बहुपदरी कोटिंग. मग फोकसच्या धातूच्या रिंगवर रबर चढलं. १९७७ मध्ये एआय आली (तिचं काम पुढे सांगतो), पुढच्या वर्षी एफ/१.८. १९७९ मध्ये सिरीज ई आली, बारीक, हलकी, स्वस्त, आणि तिला कंपनीने निक्कॉर हे नावच दिलं नाही. १९८६ मध्ये ऑटोफोकस आला, २०११च्या 'जी' लेन्समध्ये अ‍ॅपर्चरची रिंगच गेली. ही 'जी' लेन्स १९५९च्या कॅमेऱ्यावर आजही बसते, पण रिंग नसल्यामुळे अ‍ॅपर्चर सगळ्यांत लहान होऊन राहतं. दार तेच, फक्त घरातली भाषा बदलली. २०१८ मध्ये आरसाच गेला, नव्या झेड माउंटचं अंतर १६ मिलिमीटर झालं. आता तर आरशाला जागा द्यायची नव्हती. तरी पन्नास एफ/१.८मध्ये बारा काचा आणि वजन ४१५ ग्रॅम. आरसा होता तेव्हा सहा काचांत भागलं, आरसा गेल्यावर बारा का लागल्या? हा प्रश्न कुठलंही सूचिपत्र विचारत नाही. उभी रांग तो विचारायला भाग पाडते.

उत्तराचा एक भाग कोटिंगमध्ये आहे, आणि तो हिशेब तुम्ही आत्ता मनात करू शकता. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून चारेक टक्के प्रकाश परत फिरतो. एचमध्ये सहा काचा चार गटांत आहेत, म्हणजे हवेला टेकलेले आठ पृष्ठभाग. कोटिंग नसतं तर शंभरातला बहात्तर भाग प्रकाश पलीकडे गेला असता. झेडमध्ये नऊ गट, अठरा पृष्ठभाग. तिथे अट्ठेचाळीससुद्धा उरला नसता. शिवाय परतलेला प्रकाश आतल्या आत आपटत राहिल्याने सगळ्या चित्रावर दुधाची साय धरते ती वेगळीच. म्हणजे १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुलाने काचेवर जो अतिपातळ थर चढवला, तो पुढे सुधारत गेला नसता तर बारा काचांची लेन्स कागदावरच राहिली असती. या दोन लेन्स शेजारी ठेवून दिव्याखाली तिरक्या धरा. जुनीत निळसर, पिवळसर झाक दिसेल, नवीत हिरवी. आणि नवीत दिव्याची प्रतिबिंबं जास्त असूनही फिकी असतील. साठ वर्षांचं रसायनशास्त्र डोळ्यांनी दिसतं. ६ मिलिमीटरची फिशआय १३च्या शेजारी ठेवून हे दिसत नाही, कारण तिथे सगळंच एकदम बदललेलं असतं. तुलनेसाठी बाकीचं स्थिर लागतं, आणि पन्नासच्या रांगेत ते स्थिर आहे.

आता 'पूर्ण' शब्दाची दुसरी खोड. संग्राहक निर्मळ नग शोधतो. जुन्या निक्कॉरच्या अ‍ॅपर्चर रिंगवर धातूचा एक फाटेदार तुकडा असतो, त्याला सशाचे कान म्हणतात. (हशा) नाव गमतीचं आहे, काम गंभीर आहे. कॅमेऱ्याच्या मीटरची खुंटी त्या कानांत अडकते. लेन्स चढवल्यावर रिंग एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला फिरवून मीटरला ओळख करून द्यावी लागे. एआयने ती फिरवाफिरव संपवली. रिंगच्या काठालाच खाच दिली. तरी जुन्या कॅमेऱ्यांसाठी कान ठेवले, आणि त्या कानांना भोकं पाडली, कारण खाली दुसऱ्यांदा कोरलेले बारीक आकडे व्ह्यूफाइंडरमधून वाचता यावेत म्हणून तिथे उजेड पडायला हवा होता. पण आधीच्या लेन्सचं काय? त्या तशाच नव्या कॅमेऱ्यावर चढवल्या तर कॅमेऱ्याची कळ मोडण्याची भीती. कंपनीने बदली रिंगा दिल्या. जिथे त्या पोचल्या नाहीत तिथे कारागिरांनी कानस घेऊन जुन्या रिंगचा काठच घासला. अशी घासलेली लेन्स संग्राहक बाजूला सारतो. माझ्या मते पन्नासच्या रांगेत तिच्याविना भोक राहतं. कारखान्याने ठरवलेला बदल एआयमध्ये दिसतो, लोकांनी तो कसा पचवला हे कानशीच्या खुणेत दिसतं. कंपनीचं संग्रहालय टोकियोत २०१५ पासून आहे, आणि कारखान्यातून निघाली तशी लेन्स ते सांभाळतील. घासलेली त्यांनी का सांभाळावी? ती आपणच सांभाळायला हवी.

आक्षेप येणारच, म्हणून मोठे तेवढे घेतो. पहिला: मग दुर्मीळ लेन्स जपूच नयेत का? जपाव्यात, आणि त्या जपल्या जातातच, कारण किंमत हीच त्यांची राखणदार आहे. साध्या लेन्सला राखणदार नाही. मुंबईच्या बोरा बाजारात किंवा आणखी कुठे दुरुस्तीला टाकलेल्या पन्नासच्या सफाईची मजुरी तिच्या किमतीहून जास्त होते, आणि ती सुट्या भागांच्या डब्यात जाते. लाखोंनी बनलेली वस्तू कधी संपणार नाही असं वाटतं. घराघरांत असलेली वस्तूच कुणी ठेवत नाही, म्हणून तीच आधी संपते. दुसरा आक्षेप तरुण मित्रांचा: जुन्या लेन्सची झाक सॉफ्टवेअरने आणता येते, मग लोखंड कशाला? झाक येते, कबूल. पण त्या लेन्सने तसं का दाखवलं, याचं उत्तर काचेत आणि आट्यांत आहे, चित्रात नाही. तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे: रांग तरी पूर्ण कुठे होते? फुटांचा आकडा, मीटरचा आकडा, रिंगच्या खाचा, अनुक्रमांक, असे भेद काढत गेलं तर पन्नासचेही शंभर प्रकार होतील. बरोबर आहे. म्हणून सीमा आधी लिहून ठेवावी लागते. माझी सूचना अशी, की ज्या बदलामागे काच, कोटिंग, माउंट किंवा वापरणाऱ्याच्या हाताची सवय यांपैकी काही बदललं, तो बदल रांगेत घ्यावा. नुसता रंगाचा वा अक्षराच्या आकाराचा सोडावा. कुणी दुसरी सीमा आखेल, हरकत नाही. पण त्याने ती सांगावी, आणि मग त्या सीमेत एकही जागा रिकामी ठेवू नये.

घंटा झाली, त्यामुळे 'कसा' आता घाईने. आपल्या हवामानात उभा संग्रह का, याचं सगळ्यांत व्यवहारी कारण बुरशी आहे. जुलैत मुंबई-कोकणात हवेतली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते, आणि बुरशीला साठाच्या पुढे मोकळं रान मिळतं. ती कोटिंग खाते आणि तिचं आम्ल काचेवर कायमचा ओरखडा ठेवतं. चारशे लेन्स चार महिने कोण तपासणार? चौदा तपासता येतात. हवाबंद डबा, सिलिका जेल, आत एक आर्द्रतामापक, काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान. त्याखाली फार नेऊ नका, फोकसच्या आट्यांतलं ग्रीस वाळतं. आणि घरी माळ्यावर जुना कॅमेरा असेल तर पाऊस सुरू व्हायच्या आत खाली काढा. कातडी केसमधून लेन्स बाहेर घ्या, ती केस ओल धरून ठेवते. मागची-पुढची झाकणं काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती लेन्स बाकीच्यांपासून लगेच वेगळी ठेवा. मग पुढच्या कड्यावर काय कोरलंय ते वाचा: ५ सेमी आहे की ५० मिमी, एच आहे का, एचच्या शेजारी सी आहे का, आणि रिंगच्या काठावर कानस फिरली आहे का.