बोलीला कुंपण हवं



दिवाळीचे फराळाचे डबे रिकामे झाले, की ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत एक वेगळाच बाजार भरू लागतो. सोसायटीच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या जातात, भिंतीवर मुलांचे फोटो झळकतात आणि ‘एक वार, दोन वार, तीन वार’ असा पुकारा होतो. हा खेळाडूंचा लिलाव. त्यानंतर महिनाभर अंडरआर्म क्रिकेटचे सामने. बोली रुपयांत नसते, पॉइंटमध्ये असते. पण चुरस मात्र खरी असते.

मी कवी माणूस. तरी आमच्या भागातल्या मुलांनी एकदा नियमांचा कागद माझ्याकडे आणून दिला. ‘चाचा, तुमचा कुठल्याच संघात फायदा नाही, तुम्हीच हे नीट लिहून द्या,’ असं त्यांचं म्हणणं. त्या निमित्तानं बोलीच्या मर्यादेचा मी जो विचार केला, तो आज आपल्यापुढे ठेवतो.

ही मर्यादा आली कुठून? अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगनं १९९४मध्ये संघाच्या एकूण पगारखर्चावर कमाल मर्यादा घातली. तिथले मित्रमंडळी खऱ्या खेळाडूंचे काल्पनिक संघ बांधून आपसांत स्पर्धा खेळतात. त्यातला एक प्रकार ‘डायनॅस्टी’, म्हणजे घराणं. त्यात दरवर्षी नवा डाव मांडत नाहीत. आपला संघ वर्षानुवर्षं सांभाळायचा असतो. आपल्याकडे आयपीएलच्या २००८च्या पहिल्या लिलावात प्रत्येक संघाला ५० लाख डॉलरची मर्यादा होती. २०२५च्या मोसमासाठी ती १२० कोटी रुपये झाली. आणि २०२४च्या मार्चमध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस चेंडूची आयएसपीएल स्पर्धा झाली, तेव्हा प्रत्येक संघाच्या हातात १ कोटी रुपये होते. गल्लीतला चेंडू स्टेडियमवर गेला, पण थैलीचं तोंड तिथंही बांधलेलंच होतं.

आता आपल्या गल्लीचा हिशेब करू. समजा, सहा संघ आहेत, प्रत्येकाला १२ खेळाडू घ्यायचे आहेत आणि थैलीत १००० पॉइंट आहेत. खेळाडूची किमान किंमत २०. पहिला नियम असा, की उरलेल्या जागा किमान किमतीत भरता येतील एवढे पॉइंट शिल्लक ठेवूनच बोली लावायची. ११ जागांचे २२० बाजूला ठेवले, तर पहिल्या खेळाडूवर ७८०च्या वर जाता येत नाही. हा नियम नसेल, तर उत्साहाच्या भरात कोणी दोन हिरे घेतो आणि संघ पूर्ण करायला त्याच्याकडे काही उरत नाही.

पण ७८० लावता येतात म्हणून लावावेत का? प्रो कबड्डीचा दहावा मोसम आठवा. २०२३च्या लिलावात संघाची थैली ५ कोटींची होती. तेलुगू टायटन्सनं त्यातले २ कोटी ६० लाख ५० हजार एकट्या पवन सेहरावतवर लावले. खेळाडू अव्वल दर्जाचा, यात शंका नाही. पण तो संघ २२पैकी दोनच सामने जिंकला आणि तळाला राहिला. सात जणांचा खेळ एकट्याच्या चढाईवर चालत नाही.

त्याच मोसमात पुणेरी पलटण विजेती ठरली. पलटणनंही इराणच्या मोहम्मदरझा शादलूसाठी २ कोटी ३५ लाख मोजले होते. मग फरक काय? फरक होता घरात वाढवलेल्या पोरांचा. कर्णधार अस्लम इनामदार हा नगर जिल्ह्यातला मुलगा, काही मोसम आधी नवोदित म्हणून आलेला. मोहित गोयतही तसाच. अशी होतकरू मुलं संघानं कायम ठेवली, म्हणून महागडा गडी परवडला.

इथंच दुसरा आणि सर्वांत नाजूक नियम येतो. गेल्या वर्षीचा खेळाडू कायम ठेवायचा तर कोणत्या किमतीला? जुन्याच किमतीला ठेवू दिला, तर ज्याच्याकडे पहिल्या वर्षी चांगली मुलं गेली, त्याचं घराणं कायमचं गादीवर बसतं. म्हणून किंमत दरवर्षी वाढायला हवी. २० टक्के वाढ धरली, तर ३००चा खेळाडू ३६०चा होतो. पण २०चा खेळाडू होतो फक्त २४चा! शेकडा वाढ स्वस्त खेळाडूला लागतच नाही. यावर उपाय सोपा आहे: २० टक्के किंवा ५० पॉइंट, यांतली मोठी वाढ धरायची. मग २०चा मुलगा पुढच्या वर्षी ७०चा आणि त्यानंतर १२०चा होतो. वाढ याहून फार कडक केली, तर मात्र मुलाला घडवणाऱ्यालाच दंड झाल्यासारखं होतं. सरावाला बोलावून, चुका दाखवून ज्यानं खेळाडू तयार केला, त्याला दोन वर्षं तरी त्याचं फळ मिळावं. तिसऱ्या मोसमानंतर मात्र प्रत्येकानं पुन्हा लिलावात यावं.

तिसरा नियम आपल्या भागाच्या जगण्यातून येतो. कोणाला रात्रपाळी लागते, कोणी भाडं परवडत नाही म्हणून बदलापूरला राहायला जातो, कोणाचा पाय मुरगळतो. अशा मुलाचे पॉइंट संघाला पूर्ण परत मिळावेत. मात्र चांगल्या मुलाला फॉर्म नाही म्हणून मधेच काढलं, तर त्याचे निम्मे पॉइंट संघाच्या खात्यावर तसेच राहावेत. माणूस घेताना विचार करावा, हा त्याचा हेतू.

आणि चौथा नियम मी हट्टानं लिहिला. ज्याच्यावर बोली लागली नाही, त्याचं नाव सगळ्यांसमोर पुन्हा पुन्हा पुकारायचं नाही. उरलेली मुलं चिठ्ठ्या टाकून वाटून घ्यायची आणि प्रत्येकाला ठरावीक सामने खेळवायचेच. पंधरा वर्षांचा मुलगा आईसमोर, मित्रांसमोर ‘अनसोल्ड’ ठरतो. त्याला हा शब्द ऐकवण्याची आपल्या स्पर्धेला काहीही गरज नाही.

कोणी म्हणेल, खेळात एवढं बंधन कशाला? गझल लिहिणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. वृत्त आणि काफिया ठरलेला असतो, सगळ्यांना सारखाच असतो, म्हणून तर कोणाचा शेर सरस ते कळतं. गल्लीच्या स्पर्धा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बंद पडतात, त्या मैदान नसल्यामुळेच असं नाही. अंतिम सामना कोण जिंकणार हे लिलावाच्या रात्रीच ठरलेलं असेल, तर हरणारे संघ पुढच्या वर्षी नाव देत नाहीत. मग चाळीतला आणि टॉवरमधला मुलगा ज्या एका ठिकाणी खांद्याला खांदा लावून उभे राहत होते, तेही ठिकाण जातं.

म्हणून यंदा लिलावाला बसण्याआधी एक कागद घ्या. त्यावर हे चार नियम लिहा, सगळ्या संघमालकांच्या सह्या घ्या आणि तो हॉलच्या दारावर लावा. पहिली बोली त्यानंतरच लागू द्या.