मूल सांगतं तेव्हा समोर कोण असतं?

मुख्याध्यापक बंधू-भगिनींनो,

अध्यक्षीय भाषणात शिक्षणक्षेत्राचा सर्वांगीण आढावा घ्यायची आपल्याकडे रीत आहे. पण रिक्त पदं, संचमान्यता, वेतनेतर अनुदान, अशैक्षणिक कामं यांवर काल दिवसभर पोटतिडकीने बोलणं झालं, ठरावही झाले. त्यात माझी भर नको. मी आज एकाच विषयावर बोलणार आहे. मुलांना इंटरनेटवर सुरक्षित राहायला शिकवायचं असेल, तर शाळेतल्या आणि शाळेभोवतीच्या मोठ्या माणसांना आधी काय शिकवावं लागेल?

‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वर्षांच्या मुलांना स्मार्टफोनविषयी विचारलं गेलं. देशभरातल्या ८२ टक्के मुलांना तो वापरता येत होता. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. हे आपण रोज बघतो, त्यात नवल नाही. पुढचे आकडे बघा. सोशल मीडिया वापरणाऱ्यांपैकी त्रास देणारं खातं ब्लॉक किंवा रिपोर्ट करणं ६२ टक्क्यांना जमत होतं, पासवर्ड बदलणं ५७.७ टक्क्यांना आणि आपलं प्रोफाइल खाजगी करणं ५५.२ टक्क्यांना. हेच तीन प्रश्न आज या सभागृहात विचारून हात वर करायला सांगावं, असं माझ्या मनात होतं. संयोजकांनी डोळ्यांनीच नको म्हटलं.

आपण शाळांतून आजवर काय करत आलो? फेब्रुवारीत सुरक्षित इंटरनेट दिन येतो. पोलीस ठाण्यातून एखादे साहेब येतात, पाचवी ते दहावी मैदानात बसते, ‘हे करू नका, ते करू नका’ची यादी वाचली जाते, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी बातमी येते. साहेबांचा यात काही दोष नाही, ते आपला वेळ काढून येतात. पण ज्या मुलाच्या पोटात गोळा आलेला आहे, ते मूल चारशे जणांत हात वर करत नाही.

आमच्या शाळेत मी वाचनालयाच्या दाराशी एक प्रश्नपेटी ठेवली होती. नाव लिहायची सक्ती नाही. एका चिठ्ठीवर एवढंच होतं : ‘एकदा पाठवलेला फोटो परत घेता येतो का?’ वहीचं पान चार घड्या घालून टाकलेलं. अक्षर बहुधा मुलाचं. हे मुद्दाम सांगते, कारण असं काही फक्त मुलींच्या बाबतीत घडतं, अशी आपली एक सोयीस्कर समजूत आहे. अनोळखी व्यक्तीचा व्हिडिओ कॉल येतो, पलीकडे तो रेकॉर्ड होतो आणि मग पैशांची मागणी सुरू होते. या सापळ्यात मुलगेही अडकतात, आणि लाजेपायी जास्त गप्प राहतात.

त्या चिठ्ठीचं उत्तर थोडंफार ‘हो’ असं आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? अमेरिकेतल्या एनसीएमईसी या संस्थेने २०२३ मध्ये ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा सुरू केली. अठरा वर्षांखाली असताना काढलेला फोटो असेल, तर मुलाच्या फोनमध्येच त्या फोटोची डिजिटल खूण तयार होते. फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. ती खूण सहभागी कंपन्यांकडे जाते आणि त्यांना त्यांच्या मंचावरचा तोच फोटो शोधून काढून टाकता येतो. व्हॉट्सॲपसारख्या कुलूपबंद संदेशांत याचा उपयोग होत नाही. म्हणजे उपाय अर्धा आहे. पण भेदरलेल्या मुलाला अर्धा उपायही फार मोठा असतो.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येते. असं काही झालं तर मूल कुणाला सांगतं? आपल्या केबिनमध्ये येऊन सांगणारी मुलं विरळा. ते खेळाच्या सरांना सांगतं, पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना सांगतं, व्हॅनवाल्या काकांना सांगतं, पाणी भरणाऱ्या मावशींजवळ रेंगाळतं. आणि आपली प्रशिक्षणं होतात विज्ञान शिक्षकांची नाहीतर आयसीटीच्या शिक्षकांची! प्रशिक्षण त्या ताईंना आणि काकांनाही हवं. त्यात संगणकाचं ज्ञान कमी आणि पहिल्या पाच मिनिटांचं वागणं जास्त शिकवायला हवं.

‘तू पाठवलासच का?’ हा आपल्या तोंडी पहिल्यांदा येणारा प्रश्न. तिथे संभाषण संपतं. धमकावणाऱ्याचा सगळा धंदा या प्रश्नावर उभा असतो. मुलाला त्याच्यापेक्षा घरच्यांची आणि सरांची भीती जास्त वाटते, हे धमकावणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून पहिलं वाक्य ठरवून, म्हणून बघून, पाठ करावं लागेल : ‘सांगितलंस ते फार बरं केलंस.’ त्यानंतर फोन हिसकावायचा नाही, खातं किंवा संदेश पुसू द्यायचे नाहीत, आणि पैसे तर मुळीच द्यायचे नाहीत. एकदा दिले की मागणी वाढत जाते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. वर्गशिक्षकांना मुलाच्या फोनवर आक्षेपार्ह फोटो दिसतो. ते तो मुख्याध्यापकांना ‘माहितीस्तव’ पाठवतात, मुख्याध्यापक संस्थेच्या सचिवांना, सचिव आणखी कुणाला. हेतू चांगला असतो, पण संध्याकाळपर्यंत त्या लेकराचा फोटो जबाबदार माणसांच्या फोनमध्ये फिरलेला असतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब कलमानुसार मुलांचं असं चित्र पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. खात्याचं नाव, लिंक, फोन नंबर, तारीख-वेळ कागदावर लिहून घ्या, फोन आहे तसा ठेवा आणि पोलिसांकडे जा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर बालकांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. पैसे गेले असतील तर १९३० आणि मुलाला आधार हवा असेल तर १०९८, हे दोन क्रमांक शाळेतल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवेत.

‘संस्थेची बदनामी होईल’ हे वाक्य मी नोकरीच्या काळात फार ऐकलं. पोक्सो कायदा २०१२ चा आहे. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे, असं त्याचं कलम १९ सांगतं. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली शिक्षा आहे, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पालकांना मात्र या कायद्याची दुसरी बाजू सांगा. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घेता येतो, घेणारा अधिकारी गणवेशात नसावा, शक्यतो महिला असावी आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. हे कळलं की तक्रारीला तयार होणारे आईबाप मी पाहिले आहेत.

थोडं आपल्या घरातही डोकावू. वाढदिवसाच्या मुलीचा फोटो, पूर्ण नाव, इयत्ता, गाव, सगळं शाळेच्या फेसबुक पानावर असतं. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. शाळा सोडून गेलेल्यांचे चुलते-मामे तसेच त्या ग्रुपमध्ये राहतात. सूचना द्यायला ब्रॉडकास्ट यादी पुरते, फक्त पालकांनी शाळेचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केलेला हवा. याला ना निधी लागतो ना परिपत्रक.

आईवडिलांना शिकवताना आपली परिस्थितीही ध्यानात ठेवा. कंपन्यांनी किशोरांसाठी वेगळी खाती आणि बंधनं आणली आहेत, पण आपल्याकडे फोन बापाचा, खातं चुलतभावाचं आणि बोट पोराचं. कंपनीच्या लेखी ते पोर चाळीस वर्षांचं असतं! त्यामुळे सेटिंग बदलून आपली सुटका नाही. गेममधले ‘डायमंड’ तुला फुकट देतो म्हणणारा दादा नक्की कोण, हे घरात कुणीतरी विचारायला हवं, आणि रागावून विचारून चालणार नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचा उपक्रम सुरू केला. अख्खं गाव यात उतरलं याचं मला कौतुक आहे. पण भोंग्याने वेळ आवरते. उरलेल्या वेळात पडद्यावर कोण भेटतं, हे त्याने कळत नाही. केरळने त्याच वर्षी मे महिन्यात जे सुरू केलं, ते मला अधिक जवळचं वाटतं. तिथल्या शाळांत ‘लिटल काइट्स’ ही विद्यार्थ्यांची तंत्रज्ञान मंडळं आहेत. त्या मुलांनीच शिक्षकांच्या देखरेखीखाली शाळेत आयांसाठी सायबर सुरक्षेचे वर्ग घेतले, तीन लाख मातांचं उद्दिष्ट ठेवून. शिकवणारी आपलीच पोरं, त्यामुळे आयाही बिचकल्या नाहीत. आणि आईला फोनमधलं शिकवलेलं पोर अडचणीत तिच्याशी त्या फोनबद्दल बोलेल, अशी शक्यता तरी तयार होते.

आपल्याकडे यंत्रणा नाही, असं कुणी म्हणू नये. शिक्षण हक्क कायद्याने व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक दिले आणि निम्म्या जागा महिलांना दिल्या. २०२२ पासून सखी सावित्री समित्या आहेत. किती शाळांत त्या फलकापुरत्या आहेत, ते आपण एकमेकांना सांगायला नको. ऑनलाइन प्रशिक्षणाचा व्हिडिओ चालू करून चहा ठेवायला जायची कलाही आपण कमावली आहे. म्हणून आणखी एक लिंक आणि आणखी एक प्रमाणपत्र मी मागत नाही.

माझी मागणी लहान आहे. उन्हाळी सुट्टीनंतर शाळा उघडेल, त्या पहिल्या महिन्यात प्रत्येक शाळेने एक दुपार काढावी. शिक्षक, लिपिक, शिपाई, स्वयंपाकाच्या ताई, व्हॅनचालक आणि समितीतले पालक यांना एकत्र बसवावं. कुणीतरी मूल व्हावं, कुणीतरी त्याचं ऐकणारं, आणि ते पहिलं वाक्य प्रत्येकाकडून म्हणवून घ्यावं. तसा ठराव मी अध्यक्षस्थानावरून मांडते आहे. मंजूर असेल तर टाळ्या वाजवू नका. आपल्या शाळेतल्या त्या दुपारची तारीख कागदावर लिहा आणि जाताना कार्यवाहांकडे द्या.