साक्षीदारांची साखळी : हदीस-विद्येचा परिचय
(वर्धापन-महोत्सवातील व्याख्यान)



इस्लाम धर्मातील शास्त्रांविषयी काही बोलावे, अशी उत्सव-मंडळाची आज्ञा झाली. विषय समुद्रासारखा आहे. कुराणाचा अर्थ लावणारी तफ्सीर, आचार-व्यवहाराचे नियम ठरविणारा फिक्ह, ईश्वरस्वरूपाची तर्काने चर्चा करणारा कलाम, अंतःकरणशुद्धीचा मार्ग दाखविणारा तसव्वुफ, अशा कितीतरी शाखा तेथे आहेत. एका बैठकीत सर्वांना स्पर्श करू गेल्यास एकीचेही दर्शन घडावयाचे नाही. म्हणून मी हदीस-विद्या ही एकच शाखा घेतो. इतर शाखांना पदोपदी तिच्या दारी यावे लागते. शिवाय गुरुपरंपरेचे नित्य स्मरण करणाऱ्या आपणांस तिचे मर्म सहज उमगेल.

पैगंबर महंमद यांचे वचन, त्यांची कृती, अथवा त्यांच्यासमक्ष घडलेल्या गोष्टीस त्यांनी दिलेली मूक संमती, यांचा वृत्तांत म्हणजे हदीस. कुराण ही साक्षात् ईश्वराची वाणी, अशी मुसलमानांची श्रद्धा आहे; हदीस तिच्याहून वेगळी. परंतु नमाज पढण्याची आज्ञा कुराणात असली, तरी तिचा तपशीलवार विधी कळतो तो हदीसवरून. पैगंबर ६३२ साली निवर्तले. ६५६ साली तिसरे खलीफा उस्मान यांची हत्या होऊन यादवी माजली आणि प्रत्येक पक्षास आपल्या बाजूचे एखादे वचन असावे असे वाटू लागले. वचने हवीशी झाली म्हणजे ती निर्माणही होऊ लागतात. बसऱ्याचे इब्न सीरीन (मृत्यू ७२९) सांगत की, पूर्वी कोणी ‘हे तुला कोणी सांगितले’ असे विचारीत नसे. यादवीनंतर ते विचारले जाऊ लागले. या एका प्रश्नातून एक संपूर्ण शास्त्र उभे राहिले.

त्या प्रश्नाच्या उत्तरास ‘इस्नाद’ म्हणतात. इमाम बुखारी (८१०–८७०) यांच्या ‘सहीह’ ग्रंथातील अगदी पहिली हदीस कर्म आणि हेतू यांच्या संबंधाविषयी आहे. परंतु ते वचन येण्यापूर्वी नावे येतात : बुखारींना सांगितले हुमैदींनी, त्यांना सुफियान यांनी, त्यांना मदिनेच्या याह्या बिन सईद यांनी, त्यांना महंमद बिन इब्राहीम यांनी, त्यांना अल्कमा यांनी, अल्कमांनी ते खलीफा उमर यांच्या तोंडून ऐकले, आणि उमर यांनी स्वतः पैगंबरांच्या मुखातून. आपल्या बृहदारण्यक उपनिषदात वंशब्राह्मण आहे, त्याची येथे कोणासही आठवण होईल. मात्र भेदही ध्यानात घेण्याजोगा आहे. वंशब्राह्मणातील नावे वंदनासाठी येतात. इस्नादातील नावे उलटतपासणीसाठी उभी केली जातात.

ती तपासणी कशी होई? साखळीतील लगतची दोन माणसे एका काळी हयात होती काय? त्यांची भेट झाली असणे शक्य होते, एवढे इमाम मुस्लिम (मृत्यू ८७५) यांना पुरे. एकदा तरी भेट झाल्याचा दाखला हवा, असा बुखारींचा आग्रह. सांगणारा सचोटीचा होता काय, आणि त्याची स्मरणशक्ती पक्की होती काय? म्हातारपणी कोणाची स्मृती ढळली, त्यापूर्वी त्याच्यापाशी कोण शिकले आणि नंतर कोण शिकले, हेही नोंदविले जाई. इजिप्तच्या इब्न लहीआ यांची टिपणे आगीत जळाली. तेव्हा आगीपूर्वी त्यांच्यापाशी शिकलेल्यांची साक्ष कित्येकांनी अधिक भरवशाची मानली! अशा सहस्रावधी माणसांच्या चरित्रकोशांना ‘रिजाल’, म्हणजे ‘पुरुष’, असे नाव पडले. नाव असे असले तरी त्यांत स्त्रियाही आहेत. अकराव्या शतकात मक्केत बुखारींचा ग्रंथ शिकविणाऱ्या करीमा या विदुषीकडे दूरदूरचे विद्वान येत. आणि चौदाव्या शतकातील कठोर परीक्षक जहबी यांनी असा निर्वाळा दिला आहे की, खोटी हदीस रचल्याचा आरोप असलेली एकही स्त्री त्यांच्या पाहण्यात नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय निवडला तिच्याकडे वळतो. या परीक्षकांना अडचण दुर्जनांची फारशी पडली नाही. लबाड मनुष्य लवकर उघडा पडतो. अडचण पडली ती सज्जनांची. याह्या अल्-कत्तान (मृत्यू ८१३) या थोर परीक्षकाचे मत मुस्लिम यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदविले आहे. धर्मशील माणसे हदीसच्या बाबतीत जितके असत्य बोलतात तितके इतर कशातही बोलत नाहीत, अशा आशयाचे ते मत आहे. त्यावर मुस्लिम यांचा खुलासा असा की, ते जाणूनबुजून खोटे बोलत नाहीत. असत्य त्यांच्या जिभेवर आपोआप येते. मर्व्ह नगरीचे काझी नूह बिन अबी मरयम यांच्याविषयीची हकीकत तर प्रसिद्धच आहे. कुराणाच्या प्रत्येक अध्यायाच्या पठणाचे फळ सांगणारी वचने त्यांनी रचली. विचारणा झाली तेव्हा त्यांनी सांगितले म्हणे, की लोक कुराण सोडून धर्मशास्त्राच्या आणि युद्धकथांच्या मागे लागले होते. त्यांना परत वळवावे म्हणून मी हे केले. हेतू केवढा शुद्ध! तरीही शास्त्राने त्यांना क्षमा केली नाही. नाना विद्यांचा संग्रह केल्यामुळे त्यांना ‘जामे’, म्हणजे संग्राहक, अशी उपाधी होती. त्यांनी सत्य तेवढे सोडून सर्व काही संग्रहित केले, असा शेरा एका पंडिताने मारून ठेवला आहे.

बुखारींचे गुरू अली बिन अल्-मदीनी यांना त्यांच्या स्वतःच्या वडिलांविषयी विचारण्यात आले. आधी त्यांनी ते दुसऱ्यांना विचारावयास सांगितले. पुन्हा विचारले तेव्हा मान खाली घालून, क्षणभर थांबून, ते म्हणाले की हा धर्माचा प्रश्न आहे; माझे वडील या कामी दुबळे आहेत. भक्तजनहो, पित्याचा आदर आणि पित्याच्या साक्षीची किंमत या दोन गोष्टी त्या पुरुषाने कशा निराळ्या ठेवल्या, हे पाहण्यासारखे आहे.

सांगणारा निर्दोष असला तरी सांगितलेले चुकीचे असू शकते, हेही फार आधी ओळखले गेले होते. नातेवाइकांच्या रडण्याने मृताला शिक्षा होते, अशी एक हदीस उमर व त्यांचे पुत्र सांगत. पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांनी तिला हरकत घेतली. ते खोटे बोलत नाहीत, त्यांच्या ऐकण्यात गफलत झाली, असे त्यांचे म्हणणे. कारण एकाच्या पापाचा भार दुसऱ्यावर पडत नाही, असे कुराण सांगते. आयेशांनी केलेल्या अशा दुरुस्त्यांवर जरकशी (१३४४–१३९२) यांनी स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

या विद्येचे एक मोठे घर आपल्या परिचयाच्या हैदराबादेत आहे. १८८८ साली तेथे दाइरतुल्-मआरिफ ही संस्था निघाली. इब्न हजर (१३७२–१४४९) यांचा ‘तहजीबुत्-तहजीब’ हा रिजाल-कोश तिने बारा खंडांत १९०७ ते १९०९ या काळात छापला, आणि दूरदूरचे अभ्यासक हैदराबादी प्रत हाती धरून वाचू लागले. शहरात कितीतरी मराठी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या नांदली. त्यांतील किती जणांना या छापखान्याचे महत्त्व ठाऊक होते, कोण जाणे!

युरोपीय पंडितांनी या साखळ्यांवर कठोर शंका घेतली. गोल्डत्सिहर यांनी १८९० साली, आणि शाख्त यांनी १९५० साली असे प्रतिपादले की, पुष्कळ वचने नंतरच्या वादांतून जन्मली आणि साखळ्या मागाहून लांबविल्या गेल्या. ही शंका केवळ परकीयांचा द्वेष म्हणून झटकून टाकता येत नाही. हैदराबादेत १९०८ साली जन्मलेले महंमद हमीदुल्लाह यांनी मात्र तिला एक मार्मिक उत्तर दिले. पैगंबरांचे सहचर अबू हुरैरा यांच्यापासून त्यांचे शिष्य हम्माम यांनी घेतलेल्या १३८ हदीसांच्या एका छोट्या वहीच्या प्रती त्यांना दमास्कस व बर्लिन येथे मिळाल्या, आणि १९५३ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. अहमद बिन हंबल (मृत्यू ८५५) यांच्या विशाल संग्रहाशी ताडून पाहता शब्द जवळजवळ तेच निघाले! यावरून सर्वच सिद्ध झाले असे नव्हे. या वहीची परंपरा आणि हंबल यांची परंपरा अब्दुर्रज़ाक (मृत्यू ८२७) या एकाच गुरूपाशी मिळतात. म्हणून त्या गुरूपासून पुढे दोन शिष्यशाखांनी शब्द न बदलता सांभाळला एवढे निश्चित होते, आणि त्याच्या मागे काय घडले याचा शोध चालूच राहतो.