विजेवरच्या मोटारींसाठीचा पहारा

विजेवरच्या मोटारींचा आग्रह कॅलिफोर्नियाच्या धुरक्यातून पुढे आला. तिथल्या हवा संसाधन मंडळाने १९९० मध्ये मोठ्या मोटार कंपन्यांना काही गाड्या धूर न सोडणाऱ्या विकण्याची सक्ती केली. जनरल मोटर्सची ईव्ही-१ ही मोटार १९९६ मध्ये आली, तीही फक्त भाडेकरारावर. पुढे नियम सैल झाला आणि कंपनीने गाड्या परत घेऊन बहुतेक मोडीत काढल्या. चालकांनी २००५ मध्ये बरबँक येथे उरलेल्या गाड्यांभोवती दिवसरात्र पहारा दिला, त्या विकत घेण्याची तयारीही दाखवली. गाड्या वाचल्या नाहीत. मात्र २००६ च्या एका माहितीपटाने हा विषय जगभर नेला.

अशा मोटारीला धुराची नळीच नसते. तरीही ती पूर्ण निर्दोष नव्हे. बॅटरी बनवताना बराच कार्बन वायू बाहेर पडतो, आणि टायरच्या झिजेची धूळ उडतेच. वीज कोळशाची असेल, जशी भारतात आजही बव्हंशी असते, तर फायदा घटतो. पण विजेची मोटर पेट्रोल इंजिनापेक्षा कितीतरी कमी ऊर्जा वाया घालवते. शिवाय वीजनिर्मितीत सौर आणि पवन ऊर्जेचा वाटा वाढला, की रस्त्यावरची जुनी विद्युत मोटारही आपोआप अधिक स्वच्छ होते. पेट्रोलच्या गाडीला ही सोय नाही.