पंप राहू दिला

मंदी म्हटली की पुष्कळांना शेअर बाजार आठवतो. मला आठवतो सोलापुरातला माझा भाचा. त्याचं फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान. या धंद्याची वर्षाची कमाई मार्च ते मे या उन्हातच होते. २०२० साली नेमकी २५ मार्चला टाळेबंदी लागली आणि सगळा हंगाम गेला. ईदही त्याच मेअखेरीस आली नि गेली. पुढे दुकान उघडलं, पण नवा एसी घेणारं कुणी दिसेना. ‘‘बसवायचं काम संपलं, मामू,’’ तो म्हणाला.

राहिली दुरुस्ती. हातात पैसा नसला की माणूस जुना फ्रिज टाकत नाही. रिले बदलतो, गॅस भरून घेतो. पैसे मात्र ‘पुढच्या महिन्यात’! वही उधारीने भरली, आणि गॅसवाला रोख मागायचा.

दुकानाचं भाडं थकलं तेव्हा व्हॅक्यूम पंपाला गिऱ्हाईक आलं. गॅस भरण्याआधी नळ्यांतली हवा आणि ओल हा पंप ओढून काढतो. ओल राहिली तर बारीक कॅपिलरीत ती गोठते आणि फ्रिज थंड करायचं थांबतो. पंपाशिवाय गॅस भरून देणारेही आहेत. तेवढं काम स्वस्त पडतं. गिऱ्हाइकाला काय कळणार?

त्याने मोटारसायकल विकली. चाळिशीतला माणूस, जुन्या सायकलच्या कॅरिअरला पंप बांधून घरोघर जाऊ लागला. मी पडलो कवी, ते बघत उभा राहिलो. तो म्हणाला, ‘‘मामू, चढ आहे. जरा मागनं ढकला.’’