टोपीकडून काडतुसाकडे

अमेरिकेतले १८६० सालचे कोल्ट रिव्हॉल्व्हर ठासणीचे होते. फिरत्या चक्राच्या प्रत्येक घरात समोरून दारू आणि शिशाची गोळी ठासायची, मागे टोपी बसवायची. काडतूस मागून झटपट भरता येई; पण आरपार घरांच्या चक्राचे रोलिन व्हाइट यांचे पेटंट स्मिथ अँड वेसनच्या हाती होते. १८६९मध्ये त्याची मुदत संपली आणि पुढे कोल्टने जुनी रिव्हॉल्व्हर काडतुसांसाठी बदलायला घेतली. रिचर्ड्स पद्धतीत काडतुसावर आघात करणारी सुई चक्रामागच्या कड्यात असे. रिचर्ड्स-मेसन पद्धतीत ती थेट घोड्यावर आली.

इटलीतल्या उबर्टी कंपनीने अशा रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृती मुळातच काडतुसांसाठी घडवल्या. काही हौशी मात्र ठासणीच्या प्रतिकृतीत नुसते चक्र बदलतात. वरवर पाहता दोन्ही सारखीच. म्हणून सांगाडा कशाचा, ते आधी पाहावे. पोलादी असेल तर असे चक्र चालते, तेही हलक्या दाबाच्या, शिशाच्या गोळीच्या काडतुसांपुरते. पितळ त्याहून मऊ. धक्क्यांनी सांगाडा ताणला जातो, चक्र ढिले पडते. पितळी सांगाड्यात चक्र बसले, तरी त्यातून काडतूस उडवू नये.