हिमशिबिराचे धडे



मे २०१८ मध्ये आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील आदिवासी आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. ‘मिशन शौर्य’ या शासकीय मोहिमेतील या पाचांत मनीषा धुर्वे ही मुलगीही होती. चंद्रपूरच्या उन्हात वाढलेल्या मुलांना बर्फ कुठला ठाऊक? तो त्यांनी शिकून घेतला.

हिमशिबिरात काय शिकवितात? भिजलेले सुती कापड अंगातील ऊब घालविते, म्हणून लोकरीचे थरावर थर घालावेत. जमीन पाठीतून गारठा देते, म्हणून पांघरुणाइतकेच अंथरूणही महत्त्वाचे. बर्फ वितळवूनच पाणी प्यावे. मऊ बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटांना रुंद चौकटी बांधतात. धानाच्या बांधीत चिखलावर फळी टाकली की भार पसरतो, तसेच हे. बोटे बधिर झाली तर सोबत्याला तात्काळ सांगावे. लपविण्यात मर्दुमकी नाही.

यांतील पुष्कळसे धडे गडचिरोलीतच, पौषातल्या रात्री तंबूत गिरविता येतील. थंडीत फजरला उठून वजू करणाऱ्या मुलांना गारठ्याचे भय कसले? पुढील शिक्षणासाठी दार्जिलिंगची संस्था १९५४ पासून, तर उत्तरकाशीची १९६५ पासून आहे.

पालकहो, मुलीला रात्री बाहेर कसे पाठवावे, ही आपली काळजी रास्त आहे. सोबत शिक्षिका कोण, औषधपाण्याची सोय काय, हे जरूर विचारा. समाधान झाले की मात्र संमतिपत्रावर सही करा. मुलाच्या कागदावर करता, तशीच मुलीच्याही.